आधी माग थांबवा

सोलापुरात आमच्या लहानपणी शेजारी चादरीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडात सहा माग. जेकार्डच्या मागावर, माणसाच्या डोक्याच्याही वर, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांब माळ फिरत असते. प्रत्येक पट्टीवर भोकं. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि उभा धागा उचलला जातो. नसेल तिथं धागा खालीच राहतो. एक पट्टी, आडव्या धाग्याची एक फेक. चादरीवरचा मोर असा एकेक ओळ करत उतरतो. एका दुपारी त्या माळेची दोरी झिजून तुटली आणि पन्नास-साठ पट्ट्या जमिनीवर आल्या. नवा लागलेला पोरगा धावला, भराभर पट्ट्या गोळा करून, कडा ठोकून छान गठ्ठा करायला लागला. मालक घरी तेलुगू बोलणारे; ते लांबूनच ओरडले, "आपू! आपू!" थांब, थांब. पोराला कळेना. तो तर कामच करत होता.

पट्ट्यांवरचे आकडे तेलानं आणि बोटांनी पुसट झाले होते. पण पडताना पट्ट्या एकीवर एक सरकत पडल्या होत्या, माळेच्याच क्रमानं. तो क्रम जमिनीवर दिसत होता. पोरानं उचललेल्या वीसेक पट्ट्यांपुरता तो गेला. भोक एकाही पट्टीचं बुजलं नव्हतं, तरी त्या वीस पट्ट्या पुन्हा लावण्यात मालकांचे दोन दिवस गेले.

त्या दुपारचा अर्थ मला फार उशिरा लागला. साठवलेलं नाहीसं होतं ते बहुतेक वेळा दोन हप्त्यांत. पहिला हप्ता अपघाताचा, दुसरा आपल्या हातचा. पहिल्यात वाट मोडते, माल जागेवर असतो. माल जातो तो दुसऱ्यात. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून देण्याचा जो धंदा आहे, तो या दोन हप्त्यांमधल्या फटीत उभा आहे.

हार्ड डिस्कच्या गोष्टीत माग मी ओढूनताणून आणलेला नाही. नातं घरचंच आहे. जोसेफ मारी जाकारनं फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८०४ च्या सुमाराला हा माग उभा केला. भोकांत माहिती साठवायची ही रीत हर्मन हॉलरिथनं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी वापरली. त्याच्या कंपनीची इतर कंपन्यांबरोबर मोट बांधली गेली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. त्याच आयबीएमनं १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली : दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास थाळ्या, कपाटाएवढी पेटी, आणि मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो त्यात बसवताना मारामार झाली असती. तर आमच्या चादरीच्या पट्टीची ही पणती.

माझी स्वतःची डिस्क टेबलावरूनही पडली नाही. मांडीवरून पडली, सतरंजीवर. तळहाताएवढी पोर्टेबल डिस्क, तीत अकरा वर्षांचे गड्ड्याच्या यात्रेचे फोटो आणि बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांच्या मुलाखती. बोलणाऱ्यांपैकी निम्मे आता नाहीत. एवढ्याशा पडण्यानं काय होतंय, असं वाटलं. डिस्क बंद असती तर बहुधा काही झालंही नसतं, कारण बंद डिस्कमध्ये वाचणारी हेडं थाळीच्या बाहेर, कडेच्या उतरणीवर टेकलेली असतात. पण ती चालू होती आणि हेडं थाळीवर होती. नंतर लावली तर आतून आवाज आला, टक्, टक्, टक्, आणि सगळं शांत.

मग मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण या लेखात तेच कामाचं आहे. काढून पुन्हा लावली. वायर बदलली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. भाच्यानं कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. एकदा तर फोल्डरांची नावं दिसली आणि आम्हाला वाटलं, सुटलो. सगळं एकदम कॉपीला लावलं. चार टक्क्यांवर अडकलं. रात्रभर चालू ठेवू, सकाळपर्यंत होईल, असं म्हणून मी झोपलो. ती रात्र म्हणजे माझा दुसरा हप्ता.

शुक्रवार पेठेतलं ते दुकान जुन्या घराच्या तळमजल्यावर आहे. पुढं प्रिंटरची शाई भरून देणं, सीसीटीव्ही बसवून देणं, आणि पाटीच्या खालच्या ओळीत डेटा रिकव्हरी. तिशीचा मुलगा. मी डिस्क पुढं केली. मला वाटलं, तो लगेच लावून बघेल. त्यानं ती हातात घेऊन फक्त उलटीसुलटी केली.

"सर, पडल्यानंतर किती वेळा लावली?"

"दोन-तीनदा."

"खरं सांगा की ओ. मी काय रागावणार नाही."

"सात-आठ वेळा. आणि एक रात्र."

तो काही बोलला नाही. डिस्कचं तोंड मऊ कापडात गुंडाळून त्यानं ती बाजूला ठेवली. डॉक्टर रिपोर्ट वाचून चष्मा काढतात, तशी ती शांतता होती.

आता हे वाट मोडणं आणि माल जाणं नीट बघू. सगळ्यात साधं उदाहरण चुकून उडवलेल्या फाइलचं. आपण डिलीट केलं की मजकूर पुसला जातो, असा आपला समज. डिस्क तसं करत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत कुणी उचलून नेत नाही, तसं हे आहे. फाइल कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद असते, त्या नोंदीवर फक्त 'रिकामं' अशी खूण होते. पेनड्राइव्हवर, मेमरी कार्डावर जी जुनी फॅट नावाची पद्धत चालते, तीत तर नोंदीतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर दुसरं चिन्ह बसतं. शेत आहे तिथं आहे, त्यातलं पीकही उभं आहे. पण कागदावर ते आता बेवारशी आहे, आणि कुणीही त्यात नांगर घालू शकतो. उडालेलं परत आणायला म्हणून आपण सॉफ्टवेअर उतरवतो आणि ते त्याच डिस्कवर बसवतो. हा नांगर आपलाच.

म्हणून 'क्विक फॉरमॅट' झालेल्या डिस्कमधून पुष्कळदा बरंच काही मिळतं. तिथं नोंदवही नवी कोरी झाली, रान तसंच राहिलं. पूर्ण फॉरमॅटचं तसं नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढं पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं. आणि शून्यं एकदा लिहिली की संपलं. पस्तीस वेळा पुसल्याशिवाय खालचं निघतंच, ही समजूत जुन्या जमान्यातली आहे. आजच्या डिस्कवर एकदा वर लिहिलेल्याच्या खालचं कुणी काढून देत नाही. कुणी तसा शब्द दिला, तर त्याच्या दुकानातून उठावं.

नोंदवही पार गेली असेल तर दुरुस्ती करणारे रानच तपासत जातात. प्रत्येक जातीच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपेग फोटो ठराविक बाइटांनी सुरू होतो आणि ठराविक बाइटांनी संपतो. त्या खुणा शोधत फोटो उचलायचे. फोटो येतात, पण त्यांना नाव नसतं, फोल्डर नसतं. वीस हजार फोटो नुसत्या आकड्यांच्या नावानं समोर पडतात. पट्ट्या सगळ्या आहेत, माळ नाही.

माझ्या डिस्कचा आजार याहून खोलचा होता. टेबलावर पंखा फिरत होता. दुकानदारानं तो बंद केला, जाळीवरून बोट फिरवलं आणि बोटाला आलेली करडी कापसाची लव मला दाखवली. सोलापुरात कुठल्याही पंख्यावर ती असतेच; गावाच्या हवेतच सूत आहे. म्हणाला, "म्हणून मी इथं डिस्क उघडत नाही. उघडली की संपली."

यामागचं अंतरांचं गणित मी घरी येऊन मांडलं. कापसाचा एक तंतू पंधरा मायक्रॉनच्या आसपास जाड. चालू डिस्कमध्ये हेड थाळीला टेकत नाही. थाळीच्या वेगानं तयार झालेल्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगतं, आणि तो थर काही नॅनोमीटरचा. पाच धरले, तरी तंतू त्या फटीच्या तीन हजार पट जाड. वर थाळी स्थिर नाही. पोर्टेबल डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. कडेचा वेग ताशी पासष्ट किलोमीटर भरतो. त्या वेगात, त्या उंचीवरून एक वाकलेलं हेड थाळीवर घासत गेलं तर काय होईल? माहिती असते ती थाळीवरच्या अतिशय पातळ चुंबकीय थरात. तो थर खरवडला जातो, त्याची भुकटी होते, आणि तीच भुकटी उडून बाकीच्या हेडांखाली जाते.

टक्-टक् हा आवाज म्हणजे हेड खुणेची जागा शोधतंय, सापडत नाही, मागं जाऊन पुन्हा येतंय. दर टक्‌ला एक फेरी. आपण वायर काढतो, लावतो, आणि वाकलेल्या फाळानं पुन्हा तेच रान ओढतो. माझी रात्र अशी गेली होती.

याच कारणासाठी फ्रीजरमध्ये डिस्क ठेवायचा उपाय मला भोंदूपणाचा वाटतो. बाहेर काढली की थाळीवर दव धरतं. टिचकी मारणं, हलवून बघणं, झाकणाचे स्क्रू खोलून 'आत काय झालंय ते बघू' म्हणणं, हे सगळं त्याच पंक्तीतलं. विंडोज आपणहून 'स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारतं, तोही पोरगाच. तो गठ्ठा नीट करतो. नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत एवढीच त्याला काळजी. जुळत नसलेल्या तो कापून टाकतो आणि कापलेलं डिस्कवरच लिहितो.

बोर्डाचा आजार त्यामानानं सोपा, पण तिथंही उत्साह नडतो. डिस्कच्या पाठीवरचं हिरवं सर्किट जळलं तर त्याच मॉडेलचं दुसरं बसवायचं, हा जुना तोडगा. पूर्वी तो चालायचा. आता प्रत्येक डिस्कचे स्वतःचे बारीकसारीक हिशेब, कुठलं हेड किती सरकवायचं वगैरे, बोर्डावरच्या एका चिमुकल्या चिपमध्ये असतात. ती चिप उचलून नव्या बोर्डावर लावावी लागते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर आपण पासवर्ड दिलेला नसतानाही सगळा मजकूर कुलूपबंद साठवलेला असतो आणि किल्लीचं काम बोर्डावरच्या चिपकडे असतं. जुना बोर्ड फेकून दिलात, तर थाळी धडधाकट असून उपयोग नाही.

माझी डिस्क पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेली. तिथं काय करतात ते दुकानदारानं मला फोनवरच्या व्हिडिओत दाखवलं. काचेच्या कपाटासारखं टेबल, त्यातून गाळलेली हवा सतत वाहत असते. घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा मोठे कण शंभराच्या आत ठेवायचे, असं त्याचं माप. झाकण उघडतात. हेडं एकमेकांना किंवा थाळीला चिकटू नयेत म्हणून मध्ये छोट्या कंगव्यासारखं हत्यार घालतात आणि त्यावर ती बाहेर सरकवतात. जागेवर बसतात डोनर डिस्कची हेडं. डोनर म्हणजे त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच कारखान्यातली, जवळच्याच तारखेची चांगली डिस्क. तिचा जीव घेऊनच हे काम होतं, आणि तिचे पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतात.

इथं माझ्यासारख्याला वाटतं, हेडं बदलली, आता डिस्क दुरुस्त झाली. ती दुरुस्त कधीच होत नाही. परक्या घरात आलेली ही हेडं कधी काही तास चालतात, कधी काही दिवस. तेवढ्या वेळात थाळीवरचं जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. फोल्डर उघडून बघायचे नाहीत, हवी ती फाइल शोधायची नाही. शेताच्या पहिल्या सरीपासून शेवटच्या सरीपर्यंत जसंच्या तसं. पुढची सगळी खटपट या नकलेवर.

उतरवून घ्यायची रीत मला सगळ्यात आवडली. आपला कॉम्प्युटर अडला की अडूनच बसतो. न वाचता येणाऱ्या जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटतो आणि आजारी हेडाला त्याच खड्ड्यावर घासत ठेवतो. मूळ रशियातल्या एस लॅबचं पीसी-३००० नावाचं यंत्र या धंद्यात जगभर चालतं. ते, किंवा डीडीरेस्क्यूसारखा फुकट मिळणारा साधा प्रोग्रॅमही, याच्या उलट वागतो. अडलं की ती जागा टिपून ठेवायची आणि पुढं जायचं. आधी सोपं सगळं घ्यायचं. मग अडलेल्या जागांपाशी परत यायचं, दुसऱ्या बाजूनं वाचत. अगदी खराब भाग शेवटी, कारण तिथं हेड मेलं तरी बाकीचं हातात असतं. चार हेडांपैकी एक संशयाचं असेल, तर महागडी यंत्रं त्याला बंद ठेवून आधी तिघांचं रान काढून घेतात. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना आम्ही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो, तेवढं यंत्रांनी ऐकलं.

पाणी आणि आग यांचंही असंच. चुंबकीय खुणा पाण्यानं पुसत नाहीत. मुंबईत अंबानींच्या घराजवळ स्फोटकांची गाडी सापडली, त्या तपासात २८ मार्च २०२१ ला राष्ट्रीय तपास यंत्रणेनं मिठी नदीत पाणबुडे उतरवले आणि डीव्हीआर, हार्ड डिस्क असलं सामान वर काढलं. नदीत टाकलं म्हणजे मिटलं, असा हिशेब असेल, तर तो कच्चा होता. आमच्याकडे २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. त्यानंतर चिखलानं भरलेले सीपीयू या दुकानात आले, तेही उन्हात वाळवून, केस सुकवायच्या यंत्रानं हवा मारून, आणि एकदा लावून बघून. भिजलेली डिस्क वाळवायची नसते. वाळली की पाण्यातला गाळ आणि क्षार थाळीवर धरून बसतात. ओली आहे तशी पिशवीत बंद करून द्यायची, हे ऐकायला उफराटं वाटतं म्हणूनच कुणी करत नाही.

आणि आग. कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ ला परतीच्या वाटेवर आकाशात फुटलं. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची ४०० एमबीची डिस्क अवशेषांत सापडली; बोर्ड जळलेला, सील वितळून आत माती गेलेली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या माणसांनी थाळ्या धुऊन दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती काढली. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा निबंध छापून आला. डिस्क अर्धीच भरलेली होती, जुन्या डॉसनं मजकूर सलग लिहिला होता, आणि खराबी आली ती रिकाम्या भागावर. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच निघालं नाही, तेव्हा दैवाचा वाटा होताच. पण मला दिसतं ते असं, की त्या डिस्कचा बोर्डच जळला होता. कुणाला लावून बघायची सोयच नव्हती.

हे सगळं फिरत्या थाळीचं सांगितलं. एसएसडीमध्ये ही फट जवळजवळ बुजली आहे. तिथं फाइल उडवली की कॉम्प्युटर ट्रिम नावाचा हुकूम पाठवतो, आणि डिस्क आपल्या सवडीनं, बहुतेकदा थोड्याच वेळात, ती जागा खरोखर साफ करते. सातबाऱ्यावरून नाव गेल्याबरोबर नांगर हजर. आजच्या फोनमध्ये मजकूर कुलूपबंदच असतो. फॅक्टरी रीसेट म्हणजे किल्ली वितळवणं. तिथं चूक झाल्यावर थांबून फार काही हाती लागत नाही, दुसरी प्रत असेल तरच धडगत.

माझ्या डिस्कच्या चार हेडांपैकी तिघांचं सगळं आलं. चौथ्याचं रान निम्मं गेलं. फोटो छोटे, त्यामुळे बहुतेक एकेका हेडाच्या पट्ट्यात बसलेले. ते वाचले किंवा समूळ गेले. मुलाखतींच्या फाइली मोठ्या, चारही हेडांवर पसरलेल्या. त्या आल्या, पण भोकं पडून. जुन्या मिलमधले एक कामगार भोंग्याच्या वेळा सांगत असतात. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, आणि मग अकरा सेकंद काही नाही. पुढं त्यांचा हसण्याचा आवाज.

"ही भोकं पडण्यामुळं पडली का?" मी विचारलं.

दुकानदारानं प्रयोगशाळेचा कागद पुढं सरकवला. त्यावर थाळीचा फोटो होता. आरशासारख्या पृष्ठभागावर एक गोल, करडी रेघ. "पडल्याचा ठिपका असतो, सर. गोल चरा म्हणजे ती फिरत होती."

पैसे देऊन निघालो तेव्हा त्यानं नव्या डिस्कबरोबर जुनीही परत दिली. ती अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या तोंडावर पांढरी चिकटपट्टी आहे, आणि पट्टीवर त्याच्या अक्षरात निळ्या शाईनं लिहिलंय : लावू नये.